फुरसं, इनाम आणि एअर पिस्तूल

गेल्या पावसाळ्यात भाच्याचा फोन आला. राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावी त्याने आजोळचं जुनं घर दुरुस्त करून घेतलंय. मुंबईची नोकरी सांभाळून महिन्यातून दोनदा तो गावी जातो. म्हणाला, “मामू, एक विचारायचं होतं. मागच्या पडवीत लाकडांच्या ढिगात दोनदा साप दिसला. मी एअर पिस्तूल घेतलंय. त्याला लायसन लागत नाही असं दुकानदार म्हणाला. साप विषारी असेल तर मारायला काही हरकत नाही ना? केस-बिस होते का?”

सरळ प्रश्नाला सरळ उत्तर द्यावं म्हणून तोंड उघडलं, पण उत्तर आलं नाही. ‘इस्लाममध्ये साप मारायला परवानगी आहे’ हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. ‘वन्यजीव कायद्यात साप मारायला बंदी आहे’ हेही वर्तमानपत्र वाचून ठाऊक होतं. दोन्ही एकाच वेळी खरं असेल तर गावातल्या माणसाने काय करायचं, याचा विचार मात्र मी कधी केला नव्हता. मी म्हटलं, “दोन दिवस थांब. तोवर लाकडांना हात लावू नकोस आणि पिस्तुलालाही.”

त्या दोन दिवसांत जे वाचलं, जे आठवलं, त्यातून हा लेख झाला. कारण भाच्याचा प्रश्न पिस्तुलाचा असला तरी त्यामागे दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. आणि त्या इतिहासाचं एक मोठं प्रकरण आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यात घडलेलं आहे.

सरकारच सांगत होतं, मारा

आज साप मारला तर सरकार शिक्षा देतं. एकेकाळी साप मारला तर सरकार पैसे देत होतं.

रत्नागिरीच्या जांभ्या कातळात फुरसं हा साप विपुल. वीतभर ते दोन वितींचा, मातीच्या रंगाचा, अंगावर फिकट नक्षी. चिऱ्याखाली, गडग्याच्या फटीत, गवताच्या भाऱ्यात बसलेला दिसतही नाही. चिडला की अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करतो. गवत कापणारी बाई, लाकूडफाटा गोळा करणारं पोर, अनवाणी चालणारा गडी, हीच त्याच्या चाव्याची माणसं.

इंग्रजांनी कोकणात कारभार सुरू केला तेव्हा या छोट्या सापाने त्यांना हैराण केलं. उपाय म्हणून फुरशांवर इनाम लावण्यात आलं. मेलेला साप आणून दाखवा आणि पैसे घेऊन जा. 1862 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात अवघ्या एका आठवड्यात एक लाखाहून जास्त फुरशी मारली गेल्याची नोंद आहे. पुढे इनामाच्या सहा वर्षांत दरवर्षी सरासरी सव्वादोन लाखांच्या आसपास फुरशी मारली गेल्याचं जी. डब्ल्यू. विडाल यांनी लिहून ठेवलं. विडाल हे कोकणात काम केलेले सनदी अधिकारी, पक्षी आणि सापांचे अभ्यासक. त्यांचा हा लेख 1890 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला.

सव्वादोन लाख, आणि तेही दरवर्षी, एका जिल्ह्यात! आकडा वाचला तेव्हा मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला.

आपण सगळ्यांनी दिल्लीच्या नागांची गोष्ट ऐकलेली असते. इंग्रजांनी नागावर इनाम लावलं, लोकांनी घरात नाग पाळायला सुरुवात केली, सरकारने इनाम बंद केलं, लोकांनी नाग सोडून दिले, नाग पूर्वीपेक्षा वाढले. होर्स्ट सीबर्ट या जर्मन अर्थतज्ज्ञाने 2001 मध्ये याच नावाचं पुस्तक लिहिलं आणि गोष्ट जगभर गेली. व्यवस्थापनाच्या वर्गात ती आजही सांगतात. गोष्ट चटकदार आहे, पण तिच्यात सन नाही, गाव नाही, अधिकाऱ्याचं नाव नाही. रत्नागिरीच्या प्रकरणात हे तिन्ही आहे, पण ते कुणी सांगत नाही. कारण त्यात हसण्यासारखं काही नाही. लोकांनी फुरशी पाळली नाहीत, प्रामाणिकपणे मारली. वर्षानुवर्षे लाखांनी मारली. आणि तरीही फुरसं संपलं नाही. ते अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देतं, एका वेळी पाच-सात. कातळाला फटी किती, हे मोजणारा कारकून कुठल्याच सरकारकडे नसतो.

फेअरर यांचा हिशेब

हा फक्त रत्नागिरीचा किस्सा नव्हता. 1857 मध्ये लखनौच्या रेसिडेन्सीत वेढ्यात अडकलेले जोसेफ फेअरर नावाचे डॉक्टर पुढे कलकत्त्याला गेले आणि सर्पविषाच्या मागे लागले. त्यांनी बंगाल आणि आसपासच्या प्रांतांतून आकडे मागवले. एकट्या 1869 सालात 11,416 माणसं सापाने मेल्याची नोंद त्यांच्या हाती आली. 1872 मध्ये त्यांचा भारतातल्या विषारी सापांवरचा मोठा सचित्र ग्रंथ निघाला. इनाम वाढवा, साप मारा, हाच त्यांचाही आग्रह होता.

त्यानंतर हिंदुस्थान सरकार दरवर्षी हिशेब छापू लागलं. हिंस्र पशूंनी किती माणसं मारली, सापांनी किती, सरकारने किती वाघ मारले, किती साप मारले, इनामापोटी किती रुपये गेले. सापांच्या रकान्यातले आकडे लाखांत होते. शेजारच्या रकान्यात माणसांच्या मृत्यूचा आकडा मात्र वर्षाला वीस हजारांच्या आसपासच राहिला. एवढे साप मारून माणसं वाचत नव्हती. हे त्या सरकारच्याच कागदावर लिहिलेलं होतं.

दुसरी अडचण ओळखीची. विडाल यांच्या त्या लेखाचा मुख्य मुद्दाच हा होता, की भारतातल्या सापांची ओळख नीट पटवली जात नाही. कचेरीत आणलेला ठेचलेला साप विषारी की बिनविषारी, हे ठरवणार कोण? इनाम मिळतंय म्हटल्यावर समोर येईल तो साप विषारीच ठरणार. किती धामणी, किती दिवड या हिशेबात ‘विषारी’ म्हणून गेल्या असतील, याची मोजदाद आता शक्य नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. याच काळात, 1878 मध्ये, इंग्रजांनी हत्यारांचा कायदा आणला. बंदूकच काय, तलवार-भाल्यालाही परवाना. युरोपियनांना मात्र त्यातून सूट. म्हणजे एका हाताने सरकार रयतेला सांगत होतं की साप मारा, वाघ मारा, इनाम घ्या. दुसऱ्या हाताने तिच्याकडचं हत्यार काढून घेत होतं. रत्नागिरीच्या कुणब्याने ती लाखो फुरशी मारली असणार ती काठीने, दगडाने, कोयत्याने. त्यात चावे किती झाले असतील, याचा रकाना त्या अहवालात नव्हता.

आजीचा भाऊ

माझ्या आजीचा धाकटा भाऊ फुरसं चावून गेला. तेव्हा तो नऊ-दहा वर्षांचा होता. स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. गवताच्या उडवीतून बैलासाठी पेंढा काढताना बोटाला चावलं. पहिल्या दिवशी फक्त हात सुजला. सगळे म्हणाले, अल्लाहने वाचवलं. दुसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्त यायला लागलं. दम केलेलं पाणी पाजलं, शेजारच्या वाडीतल्या गुरवाने औषधी पाला आणून बांधला. चौथ्या दिवशी पहाटे तो गेला.

आजी ही गोष्ट सांगताना रडायची नाही. फक्त एवढंच म्हणायची, “तो मेला हे मला दोन दिवस आधीच कळलं होतं. त्याची उशी लाल झाली होती.”

फुरशाच्या विषाने रक्त गोठण्याची शक्ती जाते, त्यामुळे माणूस ताबडतोब न मरता असा दिवसांमागून दिवस झिजत मरू शकतो. हे मला पुढे डॉक्टर मित्राने समजावलं. तोवर मला वाटायचं, आजी वाढवून सांगते.

म्हणून साप वाचवा म्हणणारी शहरी माणसं बोलू लागली, की मला आजीच्या भावाची उशी दिसते. भारतात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सुमारे 12 लाख माणसं सर्पदंशाने गेली, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार, असा अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने मांडला. इंग्रजांच्या अहवालातल्या आकड्याच्या जवळजवळ तिप्पट. लोकसंख्या वाढली हे खरं, नोंदीही तेव्हा अपुऱ्या होत्या. पण मरणारा माणूस तोच आहे. शेतात राबणारा, जमिनीवर झोपणारा, दवाखान्यापासून लांब राहणारा. त्यात हिंदू-मुसलमान असा फरक साप करत नाही. त्याला फक्त अनवाणी पाय कळतो.

दीन काय सांगतो?

आता आपल्याकडच्या बाजूकडे येऊ. आमच्या मोहल्ल्यात साप निघाला, की कुणीतरी म्हणतंच, ‘हदीसमध्ये आहे, नमाज सोडूनही मारा.’ हे चूक नाही. नमाजमध्ये असतानाही साप आणि विंचू मारण्याची मुभा देणारी रिवायत अबू दाऊद आणि तिरमिजीच्या संग्रहांत आहे. एहरामच्या हालतीत, जिथे शिकार हराम आहे, तिथेही अपाय करणाऱ्या काही प्राण्यांना मारायची परवानगी आहे आणि एका रिवायतीत त्यात साप येतो.

पण गोष्ट इथे संपत नाही. आपण ती इथे संपवतो.

हजरत इब्ने उमर दिसेल तो साप मारायचे. मग हजरत अबू लुबाबा यांनी त्यांना सांगितलं, की प्रेषित मुहंमद (स.) यांनी घरात राहणाऱ्या सापांना मारायला मनाई केली आहे. त्यानंतर त्यांनी हात आवरला. ही रिवायत बुखारी आणि मुस्लिम दोन्हीकडे आहे.

दुसरी हजरत अबू सईद खुदरी यांची. खंदकच्या मोहिमेतला एक तरुण, नुकतंच लग्न झालेला. दुपारी परवानगी घेऊन घरी आला तर बायको दारात उभी. तो संतापला, भाला उगारला. ती म्हणाली, आधी आत जाऊन बघ. आत बिछान्यावर मोठा साप वेटोळं घालून बसलेला. त्याने तो भाल्यात ओवला आणि बाहेर येऊन भाला रोवला. जखमी सापाने उसळी मारून त्याला दंश केला. तरुण आधी मेला की साप, ते कुणाला कळलं नाही. प्रेषितांनी (स.) त्यानंतर सांगितलं, की घरातल्या सापाला आधी तीन दिवस इशारा द्या, त्यानंतरही दिसला तर मारा. ही मनाई मदिनेच्या घरांपुरती की सगळ्या घरांसाठी, यावर फुकहांनी पुढे बराच खल केला. कारण तिथे जिन्नांचा उल्लेख येतो. त्या वादात मी पडत नाही. मला एवढंच दिसतं, की साप दिसताच मारायचा, असा सरसकट हुकूम तिथे नाही. आधी थांबा, सावध करा, जायला वाट द्या, असा क्रम आहे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जवळची. मिनाच्या एका गुहेत सहाबा प्रेषितांसोबत (स.) बसलेले होते. सूरह मुर्सलात नाजिल झाली ती वेळ. अचानक साप निघाला. सहाबा मारायला धावले, साप बिळात निसटला. त्यावर प्रेषित (स.) जे म्हणाले त्याचा आशय असा, की तुम्ही जसे त्याच्या अपायापासून वाचलात, तसा तोही तुमच्या अपायापासून वाचला. अपाय दोन्हीकडून होऊ शकतो, हे त्यात आलं. माणसाचाही सापाला.

आणि शेवटी दोन नियम, जे एअर पिस्तुलाला थेट लागू होतात. एक, जिवंत प्राण्याला नेमबाजीचं निशाण बनवायला सक्त मनाई आहे. दुसरा, मारायची वेळ आलीच तर नीट मारा, तडफडत ठेवू नका.

चाचाची एअरगन

इथे मला 1980च्या दशकातली एक दुपार आठवते. आमच्या वाडीतले एक चाचा कुवेतहून सुट्टीवर आले होते. टेपरेकॉर्डर, अत्तर, ब्लँकेट आणि सोबत मुंबईत घेतलेली एक एअरगन. आम्ही पोरं दिवसभर त्यांच्या मागे. एका दुपारी विहिरीच्या गडग्यावर भलामोठा साप ऊन खात पडलेला. चाचांनी सगळ्यांना मागे सारलं आणि छर्रा मारला. एक, दोन, तीन. साप पिळवटला आणि गडग्याच्या फटीत शिरला. एक छर्रा जांभ्यावर आपटून उलटा आला आणि माझ्या चुलतभावाच्या कानाला चाटून गेला. दोन बोटं इकडे असता तर डोळा गेला असता.

दोन दिवस विहिरीवर कुणी गेलं नाही. जखमी साप डूख धरतो म्हणून बायांनी लांबच्या पऱ्यावरून पाणी आणलं. डूख धरणं ही दंतकथा आहे, पण फटीत जखमी साप असताना त्या गडग्याला हात लावायला आजही मी तयार होणार नाही. तिसऱ्या दिवशी वास सुटला. गड्यांनी चिरे काढले. ती धामण होती. बिनविषारी. शेजारच्या आप्पांनी बघितलं आणि एवढंच म्हणाले, “खोताच्या कोठारातले उंदीर आता तुमच्या चाचाने धरायचे.” त्या वर्षी भाताच्या कणग्यांना उंदरांनी किती भोकं पाडली, ते आजी पुढे वर्षभर बोलत राहिली.

कायदा काय म्हणतो?

आता भाच्याच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर.

इंग्रजांच्या 1912 च्या वन्यपशू संरक्षण कायद्यात हरणं, गवे, गेंडे, काही पक्षी होते. साप नव्हते. साप हा संरक्षण देण्याजोगा प्राणी आहे, हे कायद्याच्या डोक्यातच नव्हतं. चित्र बदललं ते 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने. त्याला कारणही होतं. सापाच्या कातड्याचा परदेशी व्यापार जोरात होता. पट्टे, पर्स, बूट. तामिळनाडूतले इरुला लोक पिढ्यान्‌पिढ्या साप धरण्यात वाकबगार, ते या व्यापाराला कातडी पुरवत. व्यापार बंद झाला तसं त्यांचं पोट तुटलं. मग 1978 मध्ये रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. साप पकडायचा, विष काढायचं, साप परत सोडायचा. देशातल्या प्रतिविषासाठी लागणारं बहुतांश विष तिथून येत आलं आहे. ज्या हातांनी साप सोलला जात होता त्याच हातांनी माणसं वाचायला लागली. कायदा आणि पोट यांचा मेळ असाही घालता येतो.

मूळ कायद्यात परवाना घेऊन काही प्राण्यांची शिकार करता येत होती. 1991 च्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली. त्या वेळच्या मांडणीत नाग, नागराज, घोणस आणि धामण दुसऱ्या अनुसूचीत होते, तर मण्यार, फुरसं वगैरे चौथ्या. उपद्रवी म्हणून मारायला मोकळे असलेल्या पाचव्या अनुसूचीत उंदीर होते, साप नव्हते. विषारी असणं म्हणजे उपद्रवी असणं नव्हे, हा फरक कायद्याने तेव्हाच केला. 2022 च्या दुरुस्तीने, जी 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली, अनुसूचींची फेरमांडणी झाली आणि नाग पहिल्या अनुसूचीत गेला, वाघाच्या पंगतीला. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला किमान तीन वर्षं, कमाल सात वर्षं कैद आणि निदान 25 हजार रुपये दंड. आणि ‘शिकार’ या शब्दात कायदा मारणं, पकडणं, विष घालणं, सापळा लावणं, जखमी करणं, सगळंच धरतो. तसा प्रयत्न करणंही.

मग जीवावर बेतलं तर? त्याचं उत्तर कलम 11 मध्ये आहे. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी, सद्हेतूने, वन्यप्राण्याला मारलं किंवा जखमी केलं तर तो गुन्हा नाही. बाळाच्या पाळण्यात नाग शिरला आणि आईने काठीने ठेचला, तर कायदा त्या आईला गुन्हेगार म्हणत नाही. मात्र मेलेला प्राणी सरकारी मालमत्ता ठरतो आणि तो ताब्यात आला असेल तर 48 तासांच्या आत कळवावं लागतं.

मुद्दा ‘बचाव’ या शब्दावर येऊन थांबतो. साप पंधरा फुटांवर आहे, तुम्ही घरात जाता, पेटीतून पिस्तूल काढता, छर्रा भरता, नेम धरता. एवढा वेळ असेल तर तो बचाव कसा? तेवढ्या वेळात माणूस दार लावू शकतो. म्हणजे पिस्तूल जिथे कामाला येतं तिथे कायद्याची सूट नाही, आणि जिथे सूट आहे तिथे पिस्तुलाला वेळ नाही.

पिस्तुलाचं म्हणाल तर दुकानदार खोटं बोलला नव्हता. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार 4.5 मिलीमीटरपर्यंतच्या आणि 20 ज्यूलपर्यंतच्या एअर पिस्तुलाला परवान्यातून सूट आहे. पण हत्यार बाळगायला परवाना नको, याचा अर्थ त्याने काहीही मारायला परवानगी आहे, असा होत नाही. गुन्ह्यात वापरलेलं हत्यार वनखातं जप्त करू शकतं. अरुणाचल प्रदेशात 2021 पासून लोकांनी आपणहून एअरगन सरकारजमा करण्याची मोहीम चालली, ती याच कारणासाठी. बिनपरवान्याचं खेळणं म्हणून घेतलेल्या बंदुकांनी तिथली जंगलं मुकी केली होती.

जे भाच्याला फोनवर सांगितलं नाही

आणखी एक गोष्ट आहे. ती लिहावी की नाही, यावर मी बराच विचार केला.

नाग हा आमच्या शेजाऱ्यांचा देव आहे. नागपंचमीला आमच्याही घरी आजी चुलीवर तवा ठेवायची नाही. शेजारधर्म म्हणून. बत्तीस शिराळ्याला जिवंत नागांची पूजा व्हायची, ती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर थांबली. म्हणजे कायद्याने पूजेसाठी नाग पकडणाऱ्यालाही अडवलं आणि मारणाऱ्यालाही. माझ्या मते हा कायद्याचा समतोल आहे. पण गाव कायद्याची कलमं वाचून चालत नाही. मुसलमान पोराने पिस्तुलाने नाग मारला आणि कुणी त्याचा व्हिडिओ काढला, तर तो साप मारल्याचा व्हिडिओ राहील का? पूर्वी साप मारणं हे साप मारणंच होतं. आप्पांनी चाचांना टोमणा मारला, तो उंदरांवरून. धर्मावरून नाही. आज तेवढा भरवसा मला माझ्या भाच्यासाठी वाटत नाही, हे मान्य करताना वाईट वाटतं. भीतीपोटी कायदा पाळावा, असं मला त्याला सांगायचं नव्हतं. म्हणून फोनवर हे बोललो नाही.

पण कायदा पाळायला भीतीशिवाय पुरेशी कारणं आहेत. सेवाग्रामला बापूकुटीत जाऊन बघा. साप पकडायचा लाकडी चिमटा आणि पिंजरा अजून जपून ठेवलेला आहे. आश्रमात साप निघाला, की पकडून लांब सोडायचा, असा शिरस्ता होता. साप टाळायला गांधीजींना पिस्तूल लागलं नाही, चिमटा पुरला. आणि मुंबईत परळची हाफकिन संस्था, जी 1899 मध्ये प्लेगच्या लसीसाठी सुरू झाली, तिथे पुढे सर्पविषावरचं औषध घोड्यांच्या रक्तातून तयार होऊ लागलं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही विषांवर चालणारं एकच औषध. आमच्या शेजारच्या रायगड जिल्ह्यात, महाडला, डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर आयुष्य घातलं आणि सर्पदंशाच्या रुग्णांवरही उपचार केले. कोकणातली माणसं वाचली ती अशा लोकांमुळे. लाखो फुरशी मारणाऱ्या इनामाने नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. 2030 पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा केंद्र सरकारने 2024 मध्ये जाहीर केला. त्यात सापांवर इनाम नाही. दवाखान्यात औषध, शिकवलेला डॉक्टर, वेळेवर गाडी, एवढंच आहे. रत्नागिरीत 1862 मध्ये जे कळायला हवं होतं, ते कागदावर यायला दीडशे वर्षांहून अधिक काळ गेला. माझ्या आजीच्या भावाला एवढी सवड नव्हती.

दोन दिवसांनी भाच्याला फोन केला. म्हटलं, “साप मारायचा नाही, हा कायदा आहे. साप आधी जाऊ द्यायचा, ही सुन्नत आहे. दोन्हीत भांडण नाही. जीवावर आलं तर दोन्हीकडे सूट आहे. पण तुझ्या पिस्तुलाने फुरसं मरणार नाही, जखमी होईल, आणि तू त्याच्या जवळ जाशील. 1926 हा वनखात्याचा नंबर लिहून घे. चावलं तर 108. दोरी बांधू नकोस, चिरा देऊ नकोस, दम करायचा असेल तर गाडीत बसून कर.”

तो हसला. म्हणाला, “आणि लाकडं?”

“लाकडं घरापासून लांब, जमिनीपासून वर, मांडव करून रच. हातात काठी घेतल्याशिवाय ओढू नकोस. रात्री पायात बूट आणि हातात बॅटरी.”

त्याने तालुक्याच्या गावातून सर्पमित्र बोलावला. ढिगातून निघालं ते फुरसंच. वीतभर. सर्पमित्राने बरणीत घातलं आणि वनखात्याच्या वहीत नोंद करून कातळावर सोडलं. भाच्याने मला बरणीचा फोटो पाठवला. मी तो मोठा करून बराच वेळ बघत होतो. आजीला दाखवायला ती राहिली नाही. असती तर काय म्हणाली असती, ठाऊक नाही. कदाचित म्हणाली असती, मारायला हवं होतं. तिला तसं म्हणायचा हक्क होता.